चंदेरी दुनियेवरचे भडक मेलोड्रामा घरच्या पडद्यावर का टिकून राहिले?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

१९९७ सालच्या हिवाळ्यात आम्ही न्यू जर्सीत नवखे होतो आणि दर शुक्रवारी संध्याकाळी भाड्याने व्हिडिओ कॅसेट आणण्याचा आमचा नेम होता. एकदा दुकानातल्या मुलाने आपणहून ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ माझ्या हातात ठेवली आणि ‘टोपाचा प्रसंग येईपर्यंत बंद करू नका’ असे सांगितले. तो प्रसंग आला तेव्हा पडद्यावर पांढऱ्या रेघा उठू लागल्या. पट्टी नेमकी तिथेच झिजलेली होती, कारण आमच्या आधी ती नेणाऱ्या कितीतरी लोकांनी तेवढाच तुकडा मागे घेऊन पुन्हा पाहिला होता. चित्रपटगृहात कोणत्या जागी लोक हसले याची खूण मागे उरत नाही. कॅसेटवर मात्र ती उरते, हे मला त्या दिवशी कळले.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग थोडक्यात सांगते. हेलन लॉसन ही ब्रॉडवेची उतारवयाकडे झुकलेली सम्राज्ञी आहे आणि नीली ओ’हारा ही गोळ्या व दारूच्या आहारी गेलेली तरुण तारका. एका समारंभात स्त्रियांच्या प्रसाधनगृहात दोघींची गाठ पडते, शब्दाला शब्द लागतो, नीली हेलनच्या डोक्यावरचा टोप हिसकावते आणि शौचकूपात टाकून वरून पाणी सोडते. आम्ही पोट धरून हसलो, पट्टी मागे घेतली आणि पुन्हा हसलो. तिसऱ्या वेळी पट्टी तशीच पुढे जाऊ दिली, तेव्हा आधी हसण्याच्या भरात निसटलेली गोष्ट दिसली. हेलन आपल्या पांढऱ्या झालेल्या केसांवर रुमाल बांधते आणि ज्या दाराने आत आली होती त्याच दाराने, सगळ्यांच्या देखत, बाहेर जाते. सुझन हेवर्डने हे इतक्या शांतपणे केले आहे की चौथ्यांदा पाहताना मला हसू आले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे चित्रपट घरच्या पडद्यावर जगले ते केवळ हसण्यासाठी नव्हे. हसणे हा पहिल्या खेपेचा अनुभव असतो. घरी पाहणाऱ्याला त्याच्या पलीकडे जाण्याची सवड मिळते, आणि तिथे करमणुकीच्या धंद्यातल्या स्त्रियांच्या श्रमाबद्दल, त्यांच्या वयाबद्दल आणि शरीराबद्दल असे काही सापडते की जे नेटक्या, संयमित चित्रपटांत सहसा इतक्या उघडपणे बोलले जात नाही.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट १९६७ साली निघाला ती जॅकलिन सुझान यांची, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेली. सुझान स्वतः नटी होण्यासाठी तरुणपणी न्यूयॉर्कला आल्या होत्या आणि त्यांना म्हणावे तसे यश मिळाले नव्हते. १९६२ च्या अखेरीस कर्करोगामुळे त्यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. ही गोष्ट त्यांनी १९७४ साली मृत्यू येईपर्यंत वाचकांपासून लपवून ठेवली. कथेतली जेनिफर, जिच्या देखण्या शरीराखेरीज कशालाच कोणी किंमत देत नाही, तिला स्तनाचा कर्करोग होतो आणि ती गोळ्या घेऊन जीव देते. जेनिफरच्या मृत्यूनंतर बातमी घेण्यासाठी जमलेल्या पत्रकारांत एक बाई दिसते. त्या स्वतः सुझान आहेत. हे मला कित्येक वर्षांनी समजले, आणि त्यानंतर तो प्रसंग मी आधीसारखा कधीच पाहू शकले नाही.

समीक्षकांनी चित्रपट झोडपला, प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. पुढे ती गर्दी ओसरली तेव्हा एरवी तो विस्मरणात गेला असता. त्याला आधार मिळाला तो प्रथम रात्रीच्या खास खेळांचा आणि नंतर घराघरांतल्या व्हीसीआरचा. अशा चित्रपटांबद्दल आपला अनुभव काय आहे, हे आपण सर्वांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.


कृष्णधवल

धागा आवडला. इंग्रजीत ज्याला ‘कॅम्प’ म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही, ही अडचण आधी मांडतो. ‘भडक’ म्हटले तर त्यात निंदा येते, ‘नाटकी’ म्हटले तर खोटेपणाचा आरोप येतो, आणि ‘अतिरंजित’ हा शब्द परीक्षणातला आहे, प्रेमातला नाही. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात या अभिरुचीचा गाभा म्हणजे फसलेले गांभीर्य असे सांगितले, परंतु कोणतेही फसलेले गांभीर्य नव्हे. त्यात अतिरेक, आवेश आणि भाबडेपणा यांचे विशिष्ट मिश्रण हवे. त्याच निबंधाच्या शेवटाकडे त्या या अभिरुचीला एक प्रकारचे प्रेम म्हणतात, आणि नेमके तेच उद्धृत करणारे विसरतात.

या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर मी १९६२ च्या ‘व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’कडे बोट दाखवीन. बालपणी रंगमंच गाजवलेली आणि पुढे विसरली गेलेली जेन बेटी डेव्हिस यांनी चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे थर चढवून उभी केली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, दोन ऑस्कर नावावर असताना, त्यांनी त्याच वर्षी चित्रपटव्यवसायाच्या वृत्तपत्रात ‘काम हवे आहे’ अशी जाहिरात दिली होती. ती जाहिरात आणि ती भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहिली की जेनच्या रंगाखालचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.


चौकट

मी तांत्रिक बाजू मांडतो, कारण ‘घरी पाहणे’ ही एकच गोष्ट नव्हे आणि कॅसेटवर पाहिलेला चित्रपट व तबकडीवर (डीव्हीडीवर) पाहिलेला चित्रपट यांत मोठे अंतर आहे.

‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ पॅनाव्हिजनमध्ये, म्हणजे उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद चौकटीत चित्रित झाला. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चौकट चारास तीन या प्रमाणात होती. कॅसेट तयार करताना मूळ चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जात आणि कोणता भाग दाखवायचा हे नंतर कोणीतरी ठरवी. परिणामी जिथे दिग्दर्शक मार्क रॉबसन यांनी दोन स्त्रियांना चौकटीच्या दोन टोकांना उभे केले असेल तिथे कॅसेटवर एकच दिसे, आणि दुसरीचा आवाज हवेतून आल्यासारखा वाटे. अभिनय जास्तच आक्रस्ताळा वाटण्याचे एक कारण हेही होते: समोरचा माणूसच कापला गेला की ओरडणे निराधार वाटते. पूर्ण रुंदीची प्रत मी प्रथम पाहिली तेव्हा अनेक प्रसंगांतला ताण मला नव्याने दिसला, आणि ज्याला आपण वर्षानुवर्षे नटीचा दोष समजत होतो तो काही अंशी कात्रीचा दोष होता हे लक्षात आले.

दुसरी गोष्ट कॉमेंटरीची, म्हणजे तबकडीवर चित्रपट चालू असताना सोबत ऐकू येणाऱ्या जाणकारांच्या बोलण्याची. २००६ च्या आसपास स्टुडिओंना कळून चुकले की या चित्रपटांचा ग्राहक वेगळा आहे. ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’च्या तबकडीवर, नीली आणि जेनिफर यांच्यासोबतची तिसरी नायिका अ‍ॅन हिची भूमिका करणाऱ्या बार्बरा पार्किन्स यांच्यासोबत गप्पांचे सदर लिहिणारे एक पत्रकार बोलायला बसले, ज्यांनी आपले टोपणनावच या चित्रपटातल्या टेड कॅसाब्लांका या पात्रावरून घेतले होते. ‘बेबी जेन’च्या तबकडीवर चार्ल्स बुश आणि जॉन एपर्सन हे स्त्रीवेषात रंगमंचावर उभे राहणारे दोन कलावंत बोलले. ‘मॉमी डिअरेस्ट’साठी पॅरामाउंट स्टुडिओने दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांना बोलावले. या तिन्ही ठिकाणी बोलणारी माणसे चित्रपटाची टर उडवत नाहीत. त्यांना प्रत्येक वाक्य पाठ आहे आणि कोणत्या पोशाखाची शिवण कुठे आहे हेही ठाऊक आहे.

२०१६ साली निवडक चित्रपटांच्या तबकड्या काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीने ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ आणि रस मेयर यांचा १९७० चा ‘बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ हे दोन्ही जतनयोग्य कलाकृती म्हणून काढले. दुसऱ्याची पटकथा रॉजर ईबर्ट यांची आहे, ज्यांनी पहिल्यावर समीक्षक म्हणून कडक टीका केली होती.


तिसरी घंटा

चौकट, कापलेल्या कडांचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. मी १९९७ मध्ये पाहिले ते अर्धेच चित्र होते, असे म्हणावे लागेल. कॉमेंटरीबद्दल एक भर घालते. समलिंगी पुरुषांनी हे चित्रपट जिवंत ठेवले ही गोष्ट आपल्याकडे लिहिताना पुष्कळदा वगळली जाते. ज्यांना स्वतःचे खरे रूप बाहेर लपवावे लागत होते त्यांना टोपाखालच्या केसांचा अर्थ इतरांपेक्षा लवकर कळला. चार विश्वासू मित्रांना बोलावून दार लावून पाहता येण्याची सोय कॅसेटने दिली, आणि एड्सच्या काळात अनेकांसाठी त्या बैठकी करमणुकीहून मोठ्या होत्या.


आडवाट

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडण्याची परवानगी असावी.

‘मॉमी डिअरेस्ट’ हा १९८१ चा चित्रपट क्रिस्टिना क्रॉफर्ड यांच्या आठवणींवर आधारित आहे. त्यांनी १९७८ च्या पुस्तकात आपली दत्तक आई, हॉलिवूडची तारका जोन क्रॉफर्ड हिने केलेल्या छळाचे वर्णन केले. चित्रपटात रात्री चेहऱ्याला पांढरे मलम फासलेली आई मुलीच्या कपाटात तारेचा हँगर सापडला म्हणून तिला त्याच हँगरने मारते. प्रेक्षक हसतात असे दिसताच स्टुडिओने जाहिरातच बदलली आणि हँगरचाच विनोद करून तिकिटे विकली. त्यावरून निर्मात्याने स्टुडिओविरुद्ध दावा लावला होता. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या एका घरात असा मार मी भिंतीपलीकडून ऐकला आहे. तो प्रसंग लोक हँगर हातात घेऊन, ओळी म्हणत पाहतात हे मला सहन होत नाही.

१९९५ च्या ‘शोगर्ल्स’बद्दलही तेच. लास व्हेगासच्या नर्तिकांची ती कथा शेवटाकडे वळते तेव्हा नायिकेच्या मैत्रिणीवर सामूहिक बलात्कार होतो. आधीचे दोन तास ज्या प्रेक्षकाला हसायला शिकवले त्याने तिथे काय करावे? ‘प्रेमाने हसणे’ ही पळवाट आहे असे मला वाटते.


तिसरी घंटा

आडवाट, तुमचा आक्षेप मला खोडून काढायचा नाही. ‘शोगर्ल्स’मधला तो प्रसंग मी प्रत्येक वेळी पुढे ढकलते आणि त्याचे समर्थन करत नाही. परंतु हसणारे आणि हसू न शकणारे हे दोन वेगळे प्रेक्षक नसतात, हे मला तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते, आणि त्यासाठी दोन अभिनेत्रींबद्दल सविस्तर लिहिते.

एलिझाबेथ बर्कली तेवीस वर्षांच्या आसपास होत्या तेव्हा त्यांनी ‘शोगर्ल्स’ची नायिका नोमी साकारली. दिग्दर्शक पॉल व्हर्होवेन, पटकथाकार जो एस्टरहाझ, खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर, प्रमाणपत्र एनसी-१७, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून त्याच्या निम्मेही पैसे परत आले नाहीत. अभिनयातला प्रत्येक हातवारा, प्रत्येक किंचाळी बर्कली यांच्या माथी मारली गेली, त्यांच्या एजन्सीने त्यांना सोडले, आणि त्यांना पुन्हा त्या तोडीची संधी मिळाली नाही. व्हर्होवेन यांना मात्र पुढचा मोठा चित्रपट मिळाला. सर्वांत वाईट चित्रपटांसाठीचा रॅझी पुरस्कार घ्यायला ते स्वतः हजर राहिले, याचे आजही कौतुक होते. त्यांनीच अनेक वर्षांनी मान्य केले की तो अतिरेकी अभिनय आपण करवून घेतला होता आणि दोष द्यायचा तर आपल्याला द्यायला हवा. हे मान्य व्हायला वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत चित्रपट कोणी जपला? ज्यांनी कॅसेट आणि तबकड्या विकत घेतल्या त्यांनी. घरगुती विक्री आणि भाड्यातून त्याने दहा कोटी डॉलरांहून अधिक मिळवले आणि तो एमजीएम स्टुडिओच्या सर्वाधिक खपलेल्या चित्रपटांत जाऊन बसला. २०१५ साली लॉस एंजेलिसमध्ये खुल्या मैदानात झालेल्या खेळाला बर्कली स्वतः आल्या, तेव्हा हजारो लोक त्यांच्यासाठी उभे राहिले. त्या लोकांनी आधी हसून घेतले होते यात शंका नाही. नोमी ज्या धंद्यात वापरली गेली त्याच धंद्यात तिची भूमिका करणारी मुलगी वापरली गेली, हेही त्यांनीच पुन्हा पुन्हा पाहून ओळखले.

दुसऱ्या, ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’मध्ये नीली साकारणाऱ्या पॅटी ड्यूक. ‘द मिरॅकल वर्कर’साठी ऑस्कर मिळाले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांचे बालपण ज्या व्यवस्थापक दांपत्याच्या ताब्यात गेले त्यांनी त्यांचे मूळ नावदेखील काढून घेतले आणि त्यांना कोवळ्या वयात दारू व गोळ्यांची ओळख करून दिली, असे त्यांनी १९८७ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. १९८२ साली त्यांना द्विध्रुवी विकाराचे निदान झाले आणि पुढे त्या मानसिक आरोग्यासाठी जाहीरपणे बोलू लागल्या. आता हे मनात ठेवून नीलीचा शेवटचा प्रसंग पाहा. ती अंधाऱ्या बोळात कोसळलेली आहे, एकेकाचे नाव घेऊन हाका मारते आणि शेवटी स्वतःचेच नाव ओरडते. या प्रसंगावर सगळी दुनिया हसली. ड्यूक यांनाही या चित्रपटाची कित्येक वर्षे लाज वाटत होती. नंतर त्यांनी त्याच्या चाहत्यांना जवळ केले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरमध्ये त्यांच्यासमोर आल्या. २०१६ मध्ये त्या गेल्या तेव्हा मी तो बोळातला प्रसंग लावला. ज्या बाईचे नाव लहानपणी काढून घेतले गेले ती पडद्यावर एक बनवलेले नाव घेऊन ओरडत होती. आवाज फार चढा आहे, हे खरे. तो कमी करून मला तो प्रसंग पाहायचा नाही.

‘मॉमी डिअरेस्ट’बद्दल तुमचे दुःख मी वाचले. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. घरी पाहणाऱ्याला बंद करण्याची मुभा असते, एवढेच म्हणता येईल.


फडकरी

चर्चा अमेरिकेची असली तरी एक दुवा खराच आहे म्हणून लिहितो. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ हा जर्मन ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या चित्रपटावरून प्रेरित आहे, म्हणजे तमाशाच्या फडावरची आपली सर्वांत गाजलेली कथा याच जागतिक घराण्यातली आहे. आदर्श मास्तर तमासगिरिणीच्या नादी लागतो आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून, आपली जुनी प्रतिमा गावासाठी शाबूत राहावी म्हणून, फाशी स्वीकारतो. याहून अधिक अतिनाट्य हॉलिवूडने काय केले असेल? तरीही ‘पिंजरा’ पाहताना माझ्या घरी कोणी हसलेले मी पाहिले नाही.

मला वाटते, आपल्या प्रेक्षकाला चढा सूर हा दोष वाटत नाही, कारण संगीत नाटक, कीर्तन आणि वग या तिन्हींनी त्याचा कान तसा घडवला आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला १९६० नंतर पुटपुटणारा, आतल्या आत जळणारा अभिनय हाच खरा वाटू लागला. त्याच सुमारास जे चित्रपट जुन्या सुरात बोलले ते त्याला हास्यास्पद वाटले. म्हणून ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ एखाद्या मराठी आजीला दाखवला तर ती कुठे हसेल आणि कुठे डोळे पुसेल, हे पाहण्यासारखे ठरेल.


कृष्णधवल

फडकरी, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून मी गेल्या शनिवारी आईसोबत तो चित्रपट पाहिला. तिचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि इंग्रजी तिला बेताचेच कळते. टोप ओढला तेव्हा ती हसली नाही, ‘अगं बाई!’ म्हणून तिने स्वतःच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. हेलन रुमाल बांधून निघाली तेव्हा तिने विचारले, ‘हिच्याबरोबर बाहेर पडायला कोणीच नाही का?’ जेनिफर आपल्या आजाराबद्दल फोनवर सांगू शकत नाही, तिथे तिने मला चित्रपट थांबवायला लावला आणि उरलेला भाग आम्ही रविवारी पाहिला.


चौकट

आईंच्या प्रश्नावरून आठवले ते लिहून ठेवतो. हेलनची भूमिका आधी गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंड यांना दिली होती. नीलीच्या पात्रात त्यांचीच छाया आहे असे लोक कादंबरी आल्यापासून मानत होते, आणि आता त्यांना नीलीसमोर हरणाऱ्या बाईचे काम करायचे होते. त्यांच्या पोशाखाच्या चाचण्या झाल्या, गाणेही ध्वनिमुद्रित झाले, आणि मग १९६७ च्या वसंतात त्यांना काढून टाकण्यात आले. वेशभूषाकार ट्रॅव्हिला यांनी त्यांच्यासाठी केलेला मणी आणि टिकल्यांनी मढवलेला सुरवारीचा पोशाख त्या जाताना सोबत घेऊन गेल्या. चित्रपटात हेवर्ड यांच्या अंगावर त्याच नमुन्याचा दुसरा पोशाख आहे. गार्लंड त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये आपला पोशाख घालून गायल्या, आणि त्या मंचावर येताना मधल्या वाटेने, प्रेक्षकांमधून चालत आल्या.